स्वस्त तिकिटाची संध्याकाळ

खेळाविषयीचे मराठी लेखन बहुतांशी विजयाच्या बाजूने झालेले आहे. विजेत्यांची चरित्रे निघतात, त्यांच्या मिरवणुकांची वर्णने होतात. पराभूताला फार तर एखाद्या परिच्छेदापुरते करुणरसाचे आलंबन म्हणून स्थान मिळते. पराभव हीच ज्याची वर्षानुवर्षांची नित्यस्थिती होऊन बसली आहे अशा संघाचा सामना, पदरचे थोडे पैसे मोडून, पुन्हा पुन्हा पाहायला जाणारा जो प्रेक्षक, त्याची तर या लेखनाला गंधवार्ताही नसते. अमेरिकेतील बेसबॉलने असा प्रेक्षक विपुल संख्येने निर्माण केला, आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग नगरीत तो जितका दीर्घकाळ नांदला तितका अन्यत्र क्वचितच नांदला असेल. तेथील पायरेट्स हा संघ १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस हंगाम, जिंकलेल्या सामन्यांपेक्षा अधिक सामने हरत राहिला. फिलाडेल्फियाच्या संघाने १९३३ ते १९४८ या काळात केलेला सोळा हंगामांचा विक्रम त्याने २००९ मध्ये मागे टाकला. आणि त्यानंतरही, जणू विक्रम पुरेसा भक्कम झाला नाही म्हणून, आणखी तीन वर्षे तो हरतच राहिला. या वीस वर्षांत त्याच्या मैदानावर माणसे येत होती. ती का येत होती, हा साधा दिसणारा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकाने प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. बेसबॉलचा सामना हा सण नसतो, ते नित्यकर्म असते. एप्रिलच्या आगेमागे हंगाम उघडतो आणि सप्टेंबरअखेर मिटतो. एवढ्या अवधीत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो व त्यांपैकी ८१ स्वतःच्या मैदानावर. म्हणजे उन्हाळाभर जवळजवळ रोज कोठे ना कोठे खेळ चालूच. नऊ डावांत निकाल लागतो, प्रत्येक डावात दोन्ही संघांना एकेकदा फलंदाजी मिळते, तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. इतक्या सामन्यांच्या राशीत पराभवाचे स्वरूपच पालटते. उत्तमातला उत्तम संघही साठेक सामने हरतो, आणि अधमातला अधमही बहुधा पन्नासएक जिंकतो. पायरेट्सचा २०१० चा हंगाम या दृष्टीने मोठा बोलका आहे. त्या वर्षी संघ १०५ सामने हरला आणि ५७ जिंकला, आकडा लाजिरवाणाच. परंतु या बेरजेची फोड केली तर असे दिसते की परगावी त्याने अवघे १७ सामने जिंकून ६४ घालविले होते, आणि घरच्या मैदानावर मात्र ४० जिंकून ४१ हरला होता. वृत्तपत्रातील कोष्टक वाचणाऱ्याला तो देशातला सर्वांत दुबळा संघ दिसत होता. तिकीट काढून मैदानावर येणाऱ्याला तो जवळपास निम्म्या वेळा जिंकताना दिसत होता. दोघेही खरेच सांगत होते. ज्याने परगावचे सामने पाहिलेच नाहीत अशा गरीब प्रेक्षकाच्या पदरी त्या वर्षी एका पराभवाचीच काय ती तूट आली.

पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर म्हणून ख्यातनाम होते. अलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्यांच्या संगमातून येथे ओहायो नदी उगम पावते, आणि त्या नद्यांच्या काठांवर एकेकाळी भट्ट्या रात्रंदिवस धगधगत असत. विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत त्या विझत गेल्या. १९५० साली शहराची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या घरात होती. २०२० च्या जनगणनेत ती तीन लाखांच्या किंचित वर उरली. अशा उतरणीला लागलेल्या गावात खेळाला येणारे महत्त्व बाहेरच्याला सहसा कळत नाही. फुटबॉलचा तेथील संघ, स्टीलर्स, हा नगरीचा मानबिंदू. त्याच्या हंगामी तिकिटांची प्रतीक्षायादी कित्येक वर्षे लांबीची, आणि त्याने २००६ व २००९ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळविले. २००९ मध्येच गावच्या बर्फावरील हॉकीच्या संघानेही करंडक आणला. या दोन कर्तबगार भावंडांच्या शेजारी पायरेट्सची अवस्था मोठी चमत्कारिक होती. थोरल्या घरातला तो नाकर्ता मुलगा. त्याला कोणी घराबाहेर काढीत नव्हते, आणि त्याच्याकडून कोणी काही अपेक्षाही करीत नव्हते.

पण या नाकर्त्या मुलाला राहायला घर मात्र राजवाड्यासारखे मिळाले होते. एप्रिल २००१ मध्ये अलेघेनीच्या उत्तर तीरावर पीएनसी पार्क हे मैदान खुले झाले. सुमारे ३८ हजार आसनांचे, केवळ दोन मजल्यांचे, नदीच्या बाजूला मोकळे सोडलेले. त्या बाजूने पिवळ्या रंगाचे पूल आणि पलीकडे शहराच्या उंच इमारती दिसतात. उजव्या अंगाची भिंत २१ फूट उंच आहे. थोर खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या पाठीवरचा हा क्रमांक. १९७२ च्या हंगामात त्याने तीन हजारावा फटका नोंदविला, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी साहित्य घेऊन जाणाऱ्या विमानाला अपघात होऊन तो समुद्रात गेला. मैदानासमोरच्या पुलालाही त्याचेच नाव आहे, आणि सामन्याच्या दिवशी हा पूल वाहनांना बंद करून पादचाऱ्यांच्या हवाली करण्याची प्रथा पडली. या राजवाड्याच्या उभारणीमागे एक कटू इतिहासही आहे. १९९७ मध्ये अशा बांधकामांसाठी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ करावी काय, असा कौल जनतेला विचारला गेला आणि जनतेने तो स्पष्टपणे नाकारला. पुढच्याच वर्षी दुसरी योजना मंजूर झाली. ‘प्लॅन बी’ या नावानेच ती लोकांच्या तोंडी झाली. बांधकामाचा मोठा भार सार्वजनिक पैशावरच पडला. तात्पर्य, येथे येणारा प्रेक्षक तिकिटाच्या खिडकीशी पोचण्यापूर्वीच एकदा पैसे भरून चुकलेला असे.

त्या खिडकीशी मात्र त्याला फारसे द्यावे लागत नसे. वीस वर्षांच्या त्या काळात वरच्या मजल्यावरचे वा दूरच्या बाकांवरचे तिकीट दहा डॉलरांच्या आसपास मिळे. अमेरिकेतील खेळांच्या हिशेबाने ही रक्कम क्षुल्लक. चित्रपटाच्या तिकिटाहून ती फार अधिक नव्हती. हे औदार्य नव्हते. ८१ सामने, ३८ हजार आसने आणि हरणारा संघ, या त्रैराशिकाचे उत्तर रिकाम्या खुर्च्या असेच येते. आणि रिकाम्या खुर्चीला दुसऱ्या दिवशी काहीच किंमत नसते. घरून आणलेले सँडविच आणि पाण्याची बाटली आत नेण्यास या मैदानावर आडकाठी नव्हती, ही एक मोठीच सोय. कुटुंबातील चौघे पूल ओलांडून येत, गाडी कोठे लांब फुकट उभी करून. काही संध्याकाळी उकडलेल्या सॉसेजचे पाव एकेका डॉलरला विकले जात, काही रात्री सामन्यानंतर आतषबाजी असे, आणि काही वेळा पहिल्या काही हजारांना खेळाडूची मान हलणारी बाहुली फुकट मिळे. उच्चभ्रू क्रीडासमीक्षकांनी या क्लृप्त्यांची थट्टा केली आहे. बाहुलीसाठी आलेला माणूस हा खरा रसिक नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पण देवळात प्रसादासाठी येणारी मुले कालांतराने कीर्तनालाही बसू लागतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा युक्तिवाद फारसा पटणार नाही.

अशा संध्याकाळचे सुख नेमके कशात असते? मे महिन्यातला एखादा मंगळवार घ्यावा. सातच्या सुमारास सामना सुरू होतो तेव्हा ऊन अजून पलीकडच्या काचेच्या इमारतींवर असते. प्रेक्षागार तृतीयांश भरलेले. या विरळपणामुळेच, भरल्या मैदानात कधीही ऐकू येणार नाहीत असे आवाज वरपर्यंत पोचतात. चेंडू कॅचरच्या चामडी पंजात विसावतो तेव्हाचा भरीव ठोका. लाकडी बॅटीचा फटका, जो नीट बसला की आवाजावरूनच कळतो. दोन क्षेत्ररक्षकांनी एकमेकांना दिलेली हाक. शेंगदाणे सोलून टरफले पायाशी टाकण्याला येथे कोणी असभ्यपणा मानीत नाही. पाचव्या-सहाव्या डावानंतर, जागा दाखविणाऱ्या वृद्ध सेवकांचा पहारा सैल झाला म्हणजे वरच्या मजल्यावरचे धाडसी लोक हळूच खाली सरकतात, आणि दहा डॉलरांचा माणूस चाळीस डॉलरांच्या खुर्चीत जाऊन बसतो. खुर्ची तशीही रिकामीच असते. सामन्याच्या मध्यावर करंजीसारख्या आकाराचे, बटाट्या-चीजचे सारण भरलेले जे पिएरोगी नावाचे खाद्य, त्याचे अवाढव्य सोंग घेतलेली माणसे मैदानाच्या कडेने शर्यत धावतात. भट्ट्यांवर राबायला पोलंड-स्लोव्हाकियातून आलेल्या मजुरांचे हे जेवण. नातवंडे शर्यतीला हसतात, आणि आजी-आजोबांना बहुधा आपल्या आईचे स्वयंपाकघर आठवत असते. सातव्या डावाच्या मध्यावर सारे उभे राहून एक जुने गाणे म्हणतात. तोवर संघ चार-पाच धावांनी मागे पडलेला असतो. काही लोक निघतात, बाकीचे राहतात.

जिंकणाऱ्या संघाच्या मैदानावर हे सर्व असतेच, पण ते पार्श्वभूमीला असते. तेथे प्रेक्षकाचे चित्त गुणफलकाला बांधलेले असते. हरणाऱ्याच्या मैदानावर ते बंधन सुटते आणि खेळ पुन्हा तपशिलात दिसू लागतो. हंगामाच्या अखेरीस, काहीच पणाला लागलेले नसताना, कनिष्ठ संघांतून वर आणलेली विशीतली पोरे खेळविली जातात. त्यांतला एखादा आयुष्यातला पहिला फटका मारतो, तो चेंडू जपून ठेवण्यासाठी बाजूला काढला जातो, आणि तुरळक प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवितात. त्या पोराचे नाव पुढच्या वर्षी कोणाला आठवणार नाही हे त्यांना ठाऊक असते.

या प्रेक्षकांत एक जात विशेष लक्षणीय आहे: गुणपत्रिका लिहिणाऱ्यांची. मांडीवर पुठ्ठा, हातात शिसपेन्सिल, आणि प्रत्येक चेंडूची नोंद. ही लिपी मूळची हेन्री चॅडविक या गृहस्थाने रूढ केली. तो इंग्लंडात जन्मलेला, क्रिकेटचा वार्ताहर. अमेरिकेत बेसबॉलकडे वळल्यावर त्याने धावफलकाची सारणी आणि नोंदीच्या खुणा बसविल्या. तीन चेंडू हुकून बाद झालेल्या फलंदाजापुढे आजही ‘के’ हे रोमन अक्षर लिहितात, आणि बॅट न हलविता नुसता पाहत राहून जो बाद होतो त्याच्यापुढे तेच अक्षर उलटे. क्षेत्ररक्षकांना आकडे असतात; सहा-चार-तीन एवढे लिहिले की चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला आणि दोन गडी कसे बाद झाले हे जाणकाराला डोळ्यांसमोर दिसते. हस्तलिखितांशी परिचय असलेल्या अभ्यासकाला या पत्रिकांचे आकर्षण वाटावे. पराभूत संघाची पत्रिकाही विजेत्याच्या पत्रिकेइतकीच पूर्ण भरावी लागते, हा त्या लिपीचा न्याय.

मात्र हा न्याय सर्वांना मिळाला नव्हता, याची साक्षही याच शहरात आहे. कृष्णवर्णीयांना प्रमुख लीगची दारे बंद होती त्या काळात पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज हे त्यांचे दोन बलाढ्य संघ येथे नांदले. त्यांचा महान खेळाडू जॉश गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला, जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत ओलांडण्यापूर्वी तीन महिने. त्या लीगमधील आकडे प्रमुख लीगच्या अधिकृत नोंदींत २०२४ मध्ये समाविष्ट झाले, आणि तेव्हा कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी-सरासरी गिब्सनच्या नावावर असल्याचे जाहीर झाले. पिट्सबर्गचेच नाटककार ऑगस्ट विल्सन यांच्या ‘फेन्सेस’ या नाटकाचा नायक असाच एक वेळेआधी जन्मलेला खेळाडू आहे. १९८७ मध्ये या नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पोलादनगरीतील पराभवाचा विचार करणाऱ्याला वीस वर्षांच्या त्या हंगामी हारींची तुलना या हारीशी केल्यावाचून राहवत नाही, आणि मग पायरेट्सचे दुःख बरेच हलके होते.

त्या वीस वर्षांना आरंभ कसा झाला तेही सांगितले पाहिजे, कारण जुने प्रेक्षक तो दिवस कधीच विसरले नाहीत. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा. लीगच्या अंतिम मालिकेतील सातवा सामना, नववा डाव, पायरेट्स दोन धावांनी पुढे. अटलांटाने एक धाव भरून काढली. मग फ्रान्सिस्को काब्रेरा या राखीव खेळाडूने डावीकडे फटका मारला, बरोबरीची धाव झाली, आणि तिच्यामागून सिड ब्रीम दुसऱ्या तळावरून धावत निघाला. हा ब्रीम पूर्वी पायरेट्सचाच. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनी मंद झालेला. बॅरी बाँड्सची फेक क्षणभराने उशिरा आली, ब्रीम घसरत तळापाशी पोचला, आणि सामना संपला. त्या हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडे गेला. त्या रात्री जन्मलेले मूल संघाने पुढचा यशस्वी हंगाम पाहिला तेव्हा विशीत होते.

मधल्या काळात आशा अजिबात नव्हती असे म्हणता येत नाही, आणि कदाचित तीच अधिक जाचक होती. २०११ मध्ये जुलैच्या अखेरीपर्यंत संघ आपल्या गटात अग्रभागी होता. मग त्याच अटलांटात एकोणीस डाव चाललेला एक सामना पंचाच्या उघड चुकीने हातचा गेला, आणि पाठोपाठ सारा हंगाम ढासळला. २०१२ मध्ये ८ ऑगस्टला ६३ विजय व ४७ पराभव अशी स्थिती होती. शेवट ७९ आणि ८३ वर झाला. या दोन वर्षांत मैदानावर गर्दी वाढू लागली, आणि जुन्या प्रेक्षकांना, नवल म्हणजे, थोडे अस्वस्थ वाटू लागले. नेहमीच्या खुर्चीवर दुसरे कोणी बसलेले आढळू लागले होते.

येथवर जे वर्णिले ते सुख निर्मळ आहे असे मानून थांबता आले असते तर बरे झाले असते. तसे थांबता येत नाही. संघ दुबळा होता याचे कारण दैव नव्हते. बेसबॉलच्या प्रमुख लीगमध्ये दूरचित्रवाणीच्या हक्कांचा मोठा वाटा सर्व संघांत विभागला जातो, आणि श्रीमंत शहरांच्या संघांकडून लहान शहरांच्या संघांकडे काही महसूल वळविलाही जातो. दुबळ्यांना सबळ करावे हा त्यामागील हेतू. परंतु मिळालेला पैसा खेळाडूंवर खर्च केला नाही तरी मालकाचे फारसे अडत नाही, ही त्या व्यवस्थेतली फट. ऑगस्ट २०१० मध्ये संघाच्या हिशेबाची कागदपत्रे फुटली तेव्हा असे उघडकीस आले की २००७ आणि २००८ या दोन पराभूत वर्षांत मिळून संघाने सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरांचा नफा कमावला होता. पैसा शेतकऱ्यांची गावठी दले घडविण्यात, म्हणजे तरुण खेळाडूंच्या शोधात व प्रशिक्षणात, गुंतविला जात आहे, असे व्यवस्थापनाचे उत्तर होते. आणि त्यात तथ्य अगदीच नव्हते असे नाही. तथापि ज्या प्रेक्षकाने वर्षानुवर्षे ‘संघ गरीब आहे’ हे ऐकून घेतले होते, त्याला आपण कोणाच्या गरिबीला हातभार लावीत होतो, असा प्रश्न पडणे साहजिक होते.

हा प्रश्न लोकांनी त्याआधीच, कागदपत्रांची वाट न पाहता, विचारला होता. ३० जून २००७ च्या सामन्यात काही प्रेक्षकांनी निषेध आयोजित केला: तिसरा डाव संपताच आसने सोडून उठायचे. तिसरा डाव संपला. काही लोक उठले. बहुसंख्य बसून राहिले, आणि त्यांतल्या काहींनी उठणाऱ्यांची हुर्योही केली. या प्रसंगाचा अर्थ लावणे अवघड आहे. जे उठले त्यांनीही तिकिटाचे पैसे आधीच दिलेले होते, तेव्हा मालकाचे तत्काळ नुकसान असे काहीच झाले नाही. जे बसले ते सगळेच उदासीन होते असे म्हणणेही अन्यायाचे. शनिवारची संध्याकाळ, मुले सोबत, हवा उत्तम. तिसऱ्या डावात मुलाचा हात धरून त्याला बाहेर नेताना बापाने काय सांगावे? स्वस्त तिकीट हे प्रेक्षकाला मिळालेले सुख आणि मालकाला मिळालेली सूट, असे दोन्ही एकाच वेळी असते. ज्या गावातली माणसे हरणाऱ्या संघाकडेही संध्याकाळ घालवायला येतात, त्या गावात संघ जिंकविण्याची निकड मालकाला का भासावी? प्रेमाचा हा गुण व्यवहारात फार गैरसोयीचा ठरतो. बहिष्कार घालावा तर आपलेच उन्हाळे रिकामे होतात, आणि जावे तर ज्याचा राग येतो त्याचीच तिजोरी भरते. सुजाण प्रेक्षक या पेचातून सुटला नाही. तो रागावत राहिला आणि जात राहिला. घरून डबा नेऊन आतल्या महागड्या खाद्यावर एक पैसाही खर्च न करणे एवढाच सूड त्याच्या हाती होता, आणि तो त्याने निष्ठेने घेतला.

या काळातला एक प्रसंग भारतीय वाचकाला जवळचा वाटावा. नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन तरुणांशी करार केला. दोघे शाळेत भालाफेक करणारे. बेसबॉलचा चेंडू त्यांनी कधी हातात धरला नव्हता. भारतात दूरचित्रवाणीवर झालेल्या एका स्पर्धेत, चेंडू वेगाने व अचूक फेकण्याच्या कसोटीत, हजारोंतून ते पुढे आले आणि कॅलिफोर्नियात काही महिने शिकून व्यावसायिक करारापर्यंत पोचले. अमेरिकेत असा करार मिळविणारे ते पहिले भारतीय. पिट्सबर्गमध्ये या बातमीचे स्वागत संमिश्र झाले. स्वस्तात प्रसिद्धी मिळविण्याची ही आणखी एक युक्ती, अशी शंका ज्यांना आली त्यांना दोष देता येणार नाही. संघाच्या काटकसरीचे अनुभव ताजे होते. पण ती दोन मुले युक्ती म्हणून आलेली नव्हती. फ्लॉरिडातील ब्रॅडेंटन येथे, सर्वांत खालच्या पायरीवरच्या संघात, ती खेळली, आणि जुलै २००९ मध्ये रिंकूच्या नावावर विजयी पिचर म्हणून नोंद झाली. दिनेश २०१० च्या अखेरीस परतला. रिंकू दुखापतींशी झगडत काही वर्षे राहिला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात गेला. २०१४ मध्ये त्यांच्या कथेवर चित्रपट निघाला. अलेघेनीच्या काठावरच्या मैदानात मात्र सामना खेळण्याचे भाग्य दोघांनाही लाभले नाही.

शेवटी २०१३ मध्ये ती साखळी तुटली. ८२ वा विजय, ज्यामुळे पराभवांचे पारडे निश्चितपणे वर गेले, तो ९ सप्टेंबरला मिळाला. पण टेक्सासमध्ये, एका धावेच्या फरकाने. वीस वर्षे वरच्या मजल्यावर बसून काढलेल्या प्रेक्षकाने तो घरीच पाहिला अथवा रेडिओवर ऐकला. बेसबॉलचे रेडिओवरील पहिले प्रक्षेपण पिट्सबर्गच्याच केडीकेए केंद्राने ५ ऑगस्ट १९२१ रोजी केले होते, तेव्हा त्यातही एक औचित्य होते म्हणायचे. १ ऑक्टोबरला बाद फेरीचा सामना घरच्या मैदानावर झाला. ४०,४८७ माणसे, बहुतेक काळ्या कपड्यांत, सिनसिनाटीच्या पिचरचे नाव एकसुरात ओरडत होती. त्या ओरड्यात त्याच्या हातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने तो प्रेक्षकांत भिरकावून दिला. जे तेथे होते ते त्या क्षणाविषयी अजून बोलतात. परंतु त्या रात्री स्वस्त तिकीट नावाची वस्तू शिल्लक नव्हती. मंगळवारचे कित्येक नेहमीचे लोक नदीच्या अलीकडे, पुलाच्या कठड्याला टेकून, तो गजर ऐकत उभे राहिले असल्यास नवल नाही.

दोन वर्षांनी संघाने ९८ सामने जिंकले आणि हंगामभरात पंचवीस लाखांच्या जवळपास माणसे येऊन गेली. त्यानंतर ओहोटी लागली. २०१९ पासून २०२५ पर्यंतचा प्रत्येक हंगाम पुन्हा पराभवाचाच ठरला, आणि संघ विका, अशी आरोळी प्रेक्षकांत पुन्हा उठू लागली. खेळ मात्र थोडा बदलला आहे. २०२३ पासून पिचरवर घड्याळाचे बंधन आले आणि तीन तासांवर रेंगाळणारा सामना दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपू लागला. पहिल्या डावात मुलांना, आणि सातव्यात त्यांच्या आयांना, याचा आनंद झाला. गुणपत्रिका लिहिणारे मात्र शेंगदाणा सोलायलाही सवड उरली नाही म्हणून कुरकुरतात.

२०२४ च्या मे महिन्यात पॉल स्कीन्स हा तरुण पिचर संघात आला. पहिल्या वर्षी तो लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला, आणि २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट पिचरचे साय यंग पारितोषिक त्याला एकमताने मिळाले. त्या वर्षी त्याच्या नावावर १० विजय आणि १० पराभव लागले. इतकी अप्रतिम फेक करूनही, कारण त्याच्यासाठी धावा करणारे कोणी नव्हते. संघाचे एकूण विजय ७१. पिचर रोज खेळत नाही. एकदा खेळला की पाच-सहा दिवसांनी त्याची पाळी येते. त्याच्या पाळीच्या दिवशी पुलावर गर्दी होते, वरचा मजला भरतो आणि कोणाला खाली सरकता येत नाही. जुने प्रेक्षक म्हणून वेळापत्रक पाहून त्याचे दिवस मोजून ठेवतात. एखादा दिवस त्याच्यासाठी राखून ठेवतात, जरा अधिक पैसे देऊन. उरलेल्या चार संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे, डबा घेऊन, सहाच्या सुमारास पुलावर दिसतात.